अ‍ॅडमिनपदाचे उमेदवार

इकडे रायपूर, तिकडे भिलाई, मधे खारून ओलांडली की कुम्हारी. इथे मराठी घरं मोजकीच, त्यामुळे मंडळात मतभेदांना ऐसपैस जागा. सध्याचा पेच असा, की सभासदांनी चर्चा कोणत्या अ‍ॅपवर करायची? ही चर्चा अर्थातच व्हॉट्सअ‍ॅपवर चालू आहे.

पोरांचा कौल टेलिग्रामला. तिथे एका ग्रुपात 2 लाख माणसं मावतात. सचिवांनी हा आकडा असा वाचून दाखवला, की व्हॉट्सअ‍ॅपच्या 1,024 मध्ये कुम्हारीकरांचा श्वास कोंडत असावा. खजिनदार स्वदेशीवाले. 2025 च्या सप्टेंबरात सगळे अरत्ताई या देशी अ‍ॅपकडे धावले, तेव्हा तेही धावले. तिथे त्यांना भेटला फक्त त्यांचा विमा एजंट. एका काकांना याहू ग्रुपच पाहिजे. तो 2020 च्या डिसेंबरात कायमचा बंद झाला, हे त्यांना कळवायचं कोणी?

टेलिग्राम जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात एका वहिनींनी सहज सांगितलं, की तिथे विषयवार कप्पे करता येतात. हिशेबाचा प्रश्न हिशेबाच्या कप्प्यात पडून राहतो, तारखेसकट. कार्यकारिणीचा चेहरा पडला. गणपतीच्या मांडवाचे उरलेले पैसे कुठे गेले, असं आमच्या ग्रुपवर कोणी विचारलं, की दहा मिनिटांत त्यावर सूर्यफुलं, सुप्रभात आणि कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस येऊन पडतो. संध्याकाळपर्यंत प्रश्न इतका वर सरकतो, की विचारणाऱ्यालाच सापडत नाही. इतकी उत्तम सोय सोडून जायचं कशाला?

मग मुद्दा उरला अ‍ॅडमिनचा. मंडळाला अध्यक्ष मिळवायचा तर लोकांच्या हातापाया पडावं लागतं. अ‍ॅडमिन व्हायला मात्र रांग. त्यात कोणीतरी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा 2021 चा निकाल टाकला. प्रकरण आपल्याच लाइनीवरच्या गोंदिया जिल्ह्यातलं. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही, असं त्यात म्हटलंय. माणसं घ्यायची-काढायची सत्ता आहे आणि जबाबदारी नाही, एवढं समजताच रांग आणखी वाढली. शेवटी अख्खी कार्यकारिणीच अ‍ॅडमिन झाली.

परवा ठराव आला: व्हॉट्सअ‍ॅपच कायम, पण चर्चेला शिस्त म्हणून 'फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतील' ही सोय चालू. हरकती चोवीस तासांत ग्रुपवरच नोंदवायच्या होत्या. एकही आली नाही. ठराव एकमताने मंजूर.