कोट सुटला, वेताळ अडकला!

ऐकलंत का? आपल्या सुरतेतल्या डिंडोलीच्या पोरांना वेताळानं झपाटलंय म्हणे! पिंपळावरच्या नव्हे, इंद्रजाल कॉमिक्समधल्या. 1964 साली सुरू झालेली ही कॉमिक्स मराठीतही यायची. आपल्या काकालोकांनी ती भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचली, आजीबाईंनी किलोवर विकली. आता तेच अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि बघायचं तर आधी हात धुऊन या! त्यावरही भागेना. आता म्हणे कलाकारानं हातानं काढलेलं मूळ चित्र हवं, तेही धर्मादाय लिलावातलं. पुण्य पदरात, माल घरात, वर टॅक्समध्ये सूट. शिव शिव!

हे वळण गावानंच लावलं. फेब्रुवारी 2015 मध्ये याच सुरतेत पंतप्रधानांचा, त्यांच्याच नावाच्या बारीक रेघांचा सूट लिलावात निघाला. हिरे व्यापारी लालजीभाई पटेल यांनी 4 कोटी 31 लाख 31 हजार 311 रुपये मोजले. पैसा गंगा स्वच्छतेला गेला आणि सूट गिनीज बुकात. 2019 पासून तर पंतप्रधानांना मिळालेल्या भेटवस्तूंचा लिलाव ऑनलाइनही होतो, म्हणजे लूमच्या कारखान्यात उभ्यानं बोली लावा! भरीला पॅरिसची बातमी: जानेवारी 2021 मध्ये एर्जेनं 1936 साली काढलेलं टिनटिनचं चित्र सुमारे 32 लाख युरोंना गेलं. त्यावर घड्यांच्या खुणा स्पष्ट दिसतात हो! आमच्याकडे घडी मोडलेली साडीसुद्धा दुकानदार परत घेत नाही.

आता खरी भानगड ऐका. अंगावरचे कपडे, घरातलं फर्निचर अशा स्वतःच्या वापरातल्या वस्तू विकल्या, तर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. रेखाचित्रं, पेंटिंग, शिल्पं मात्र 2007 च्या वित्त कायद्यानं या सवलतीतून बाहेर काढली. म्हणजे कोट वापरून विकला तर सुटला, भिंतीवरचा वेताळ अडकला! (कोट काचेच्या पेटीत ठेवला असेल, तर ‘वापरला कधी?’ असं आयकराचे साहेब विचारणारच.) समजा चित्र 20 हजारांना घेतलं आणि दोन वर्षं उलटल्यावर 1 लाख 20 हजारांना विकलं. नफा एक लाख, त्यावर साडेबारा टक्के, वर सेस, झाले 13 हजार. दोन वर्षांच्या आत विकलं तर नफा सरळ उत्पन्नात मिळवायचा. आणि दर महिन्याला घेऊन विकत असाल, तर भाऊ, तो छंद नव्हे, धंदा. हिशेब धंद्याचाच लागणार.

आणि दानावरची ती ‘80जी’ची सूट? दान म्हणजे हातचं सोडणं. तुम्ही तर पैशाच्या बदल्यात चित्र बगलेत मारून आलात! बोलीच्या रकमेवर सरसकट वजावट मिळत नाही. उलट घरचं चित्र ट्रस्टला लिलावासाठी दिलंत तरी नाही, कारण वजावट पैशाच्या दानाला आहे, वस्तूच्या नाही. पैशातही रोख 2,000 च्या वर चालत नाही. नवी करप्रणाली निवडली असेल तर विषयच संपला, तिथं 80जी नाहीच.

तेव्हा आवडलं तर खुशाल घ्या, भिंतीला लावा, पाहुण्यांना जळवा. फक्त लिलावाची पावती गणपतीच्या फोटोमागे खोचू नका. विकायची वेळ आली की खरेदीची किंमत तीच सिद्ध करते.