दोष आढळला नाही

वैशाखातल्या भर दुपारी व्हेरायटी चौकात सिग्नल हिरवा होताच जिचे इंजिन नेमके प्राण सोडते, तीच मोटार सर्व्हिस सेंटरच्या दारात सुदृढ बालकासारखी खिदळू लागते. आणि तेथील अधिकारी जॉबकार्डावर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून, ‘साहेब, नागपूरचं ऊनच तसं आहे,’ असा कौल देतात. हे जॉबकार्ड जिवापाड जपावे. कारण कंपनीचे मुख्यालय कोठेही असो, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये नागपूरच्या रहिवाशास, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, दहा ते वीस लाखांच्या गाडीसाठी अवघे ४०० रुपये शुल्क भरून, येथल्याच जिल्हा ग्राहक आयोगापुढे दाद मागता येते. निकाल तीन महिन्यांत, आणि तांत्रिक तपासणी लागल्यास पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. त्याच्या आशावादाला मात्र मुदत घातलेली दिसत नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली क्लचची तक्रार असलेल्या एका मारुतीच्या प्रकरणात सबंध गाडी बदलून देण्याऐवजी सदोष भाग बदलणे पुरेसे मानले असल्यामुळे, निर्मितीदोषाचा तज्ज्ञ-अहवाल अर्जदाराने अवश्य दाखल करावा, आणि त्या तज्ज्ञास आयोगापुढे हजर करणे असल्यास ऑटोरिक्षानेच आणावे.