दिशा कळणारा माणूस

डोंबिवलीत जन्मलेल्या पोराला चालता येण्याआधी पूर्व-पश्चिम कळते. रिक्षावाला विचारतो, कुरिअरवाला विचारतो, मुलगी बघायला येणारे पाहुणेसुद्धा पोह्यांच्या आधी विचारतात, "ईस्ट का वेस्ट?" म्हणून जर्मनीत एम.एस. करणाऱ्या आम्हा चौघांचं नाताळच्या सुट्टीत प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्टला जायचं ठरलं, तेव्हा वाटाड्याचं काम कुणी न देताच मी घेतलं. सोबत एक सांगलीकर, एक लातूरकर आणि एक नागपूरकर मैत्रीण. माझी योग्यता पटावी म्हणून त्यांना मी मामाचा किस्सा सांगितला.

मामा एकदा आमच्याकडून सोलापूरला परत निघाला. गाडी मध्य रेल्वेची, तेव्हा ती मुंबई सेंट्रलहूनच सुटणार, असा शोध लावून तो बॅगा घेऊन तिथे जाऊन बसला. मुंबई सेंट्रल पश्चिम रेल्वेवर आहे आणि सोलापूरची गाडी सीएसटीहून सुटते, हे त्याला कळेपर्यंत गाडी कल्याणच्या पुढे गेली होती. हा किस्सा मी दर लग्नात मामाच्या समोर, हातवाऱ्यांसह करतो. तिघेही पोट धरून हसले. तिथेच माझी नेमणूक पक्की झाली.

प्रागमध्ये पहिला धक्का कानाला बसला. झेक लोक एकमेकांना 'अहोय' म्हणतात, म्हणजे आपलं 'काय, कसं काय?' हॉस्टेलच्या काउंटरवरची मुलगी 'अहोय' म्हणाली आणि मी चटकन 'ओ' दिली. आईनं बाबांना अशी हाक मारली की पुढे काहीतरी काम निघतं, हे लहानपणापासून पाहिलेलं. इथेही निघालं, चादरी आपल्या आपणच घालायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ट्राममध्ये मी चार्ल्स ब्रिजबद्दल सांगायला घेतलं. चौथ्या चार्ल्सनं म्हणे मुहूर्त काढून पायाभरणी केली: साल 1357, तारीख 9, महिना सातवा, पहाटे पाच वाजून 31 मिनिटं. आकडे ओळीनं मांडले तर एक, तीन, पाच, सात, नऊ, मग तसेच उलटे. राजालाही गुरुजी लागतात, या विचारानं लातूरकर भारावला होता. तेवढ्यात साध्या कपड्यातल्या एका गृहस्थानं तळहातातला बिल्ला दाखवला. मी ऐटीत चारही तिकिटं पुढे केली. त्यानं ती उलटीसुलटी करून पाहिली. "एनी प्रॉब्लेम?" मी विचारलं.

"आनो," तो म्हणाला.

मला 'नो' ऐकू आलं. मी हसलो. तोही हसला आणि त्यानं पावतीपुस्तक काढलं. झेकमध्ये 'आनो' म्हणजे 'हो'. तिकिटं खरी होती, पण यंत्रात घालून त्यांवर शिक्का मारून घ्यायचा असतो. ते केलं नाही तर तिकीट असून नसल्यासारखं. पिवळं यंत्र मेट्रोच्या दारात होतं. मी त्याला टेकून सगळ्यांचा फोटो काढला होता. आता यातली खरी लाज सांगतो. आमच्या लोकलला कूपनं होती तेव्हा ती पंच करायच्या रांगेत मला उभं करून आई फलाटावर पुढे जात असे. माझं अर्धं बालपण त्या यंत्रापुढे गेलं आहे.

दंडात चौघांचा आठवडाभराचा किराणा गेला. नंतर 1410 सालच्या त्या प्रसिद्ध घड्याळापुढे आम्ही गप्प उभे राहिलो. तास झाला की सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, आणि पैशाची थैली धरलेला कंजूष 'नाही, नाही' म्हणून मान हलवतो. पुढचे चार दिवस हॉटेलच्या दारात मेन्यू वाचून सांगलीकर हुबेहूब तशीच मान हलवत होता.

व्हिएन्नात विशेष काही चुकलं नाही, म्हणून लिहिण्यासारखंही फार नाही. एका साखरटोर्टेत चार चमचे घातले. शोनब्रुन राजवाड्याची बाग फुकट असल्यामुळे राजवाडा बागेतून पाहिला. सेंट स्टीफनच्या दक्षिण मनोऱ्याला 343 पायऱ्या आहेत; लातूरकरानं 341 मोजल्या आणि उतरताना पुन्हा मोजायला लागला. तुर्कांनी 1683 मध्ये या शहराला वेढा घातला, त्याच साली संभाजी महाराज गोव्यात पोर्तुगीजांवर चालून गेले, हे मी सांगितलं. दंडानंतर माझ्याकडे आदरानं बघितलं गेलं ते एवढंच.

त्या आदराच्या भरात बुडापेस्टचा शेवटचा दिवस उजाडला. थंडीत सेचेन्यीच्या गरम पाण्यात छातीभर उभे राहून बुद्धिबळ खेळणारे आजोबा पाहून आम्ही खुशीत होतो. संध्याकाळी म्युनिकची गाडी होती. तिकीट स्वस्तातलं, म्हणजे त्याच गाडीपुरतं. मी आधीच वाचून ठेवलं होतं की 'न्युगाती' म्हणजे पश्चिम. म्युनिक कुठे? पश्चिमेला. मग गाडी कुठून? डोंबिवलीच्या लहान मुलालाही सांगता यावं!

"तिकिटावर 'केलेती' लिहिलंय रे," नागपूरकरीण म्हणाली.

"हंगेरियनमध्ये स्टेशनला म्हणत असतील," मी म्हणालो.

न्युगातीचं लोखंडी छत खरोखर देखणं आहे. आयफेलच्या कंपनीनं ते 1877 मध्ये उभं केलं, म्हणजे पॅरिसच्या मनोऱ्याच्या 12 वर्षं आधी. त्या छताखाली मी पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. शेवटी लातूरकरानं विचारलं, "पाटीवर म्युनिक का नाही बे?"

केलेती म्हणजे पूर्व. पश्चिमेकडे जाणारी आमची गाडी पूर्व स्टेशनातून सुटत होती. शिवाय ही पूर्व आणि ही पश्चिम, दोन्ही स्टेशनं नदीच्या एकाच काठाला, पेस्टच्या बाजूला. आम्ही मेट्रोकडे धावलो. सांगलीकर तशाही घाईत प्रत्येक तिकिटावर शिक्का मारून, फुंकर घालून, डोळ्यांपुढे धरून तपासत होता. मध्ये मेट्रो बदलावी लागली. केलेतीच्या फलाटावर पोचलो तेव्हा गाडीचे मागचे दिवे दिसले. सुंदर होते.

बाहेर येऊन पायऱ्यांवर बसलो. दर्शनी भिंतीवर जेम्स वॅट आणि जॉर्ज स्टीफन्सन यांचे पुतळे आहेत. एकानं वाफेचं इंजिन सुधारलं, दुसऱ्यानं ते रुळांवर पळवून दाखवलं. दोघांनाही आमचं तोंड बघवत नव्हतं. सांगलीकरानं राखून ठेवलेला भडंगाचा शेवटचा पुडा फोडला आणि तिघांतच वाटला. रात्रीच्या बसचे पैसे मागायला मी घरी फोन लावला. आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, 'थांब हं' म्हणाली आणि फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिला.

"काय भाचेबुवा," पलीकडून मामा म्हणाला, "मुंबई सेंट्रलला आहेस ना? तिथला वडापाव बरा असतो."