पाचावरचं टिंब

जुन्या बटणांच्या मोबाइलवर ५ या आकड्याला एक बारीक टिंब असायचं. मोबाइल बाकाखाली, नजर फळ्यावर आणि अंगठा त्या टिंबाच्या भरवशावर. अख्ख्या पिढीने असे मेसेज धाडले. सरांना वाटायचं, पोरं लक्ष देताहेत.

मग जानेवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन दाखवला आणि बटणांची टर उडवली. गरज असो-नसो, मेली तिथंच चिकटून बसतात, ही तक्रार.

अंगठ्याला तेच तर हवं होतं. पण अंगठ्याला विचारतो कोण?

काच आली. दिसायला झकास. हाताला मात्र क काय नि ख काय, सगळं सारखंच गुळगुळीत.

२००८ मध्ये ब्लॅकबेरीने 'स्टॉर्म' नावाचा तोडगा काढला. काच खरोखर दाबली जायची, बोटाला 'टक्' जाणवायचं. वा! गोची एवढीच, की अख्खा पडदा मिळून बटण एकच.

नंतर आली थरथर. आयफोनच्या कीबोर्डला ती २०२२ मध्ये लाभली, तेव्हा काय ते कौतुक! पण थरथर सांगते काय? 'दाबलंत.' काय दाबलंत, ते विचारू नका. 'येतो' लिहा की 'जातो', थरथर तीच.

टिंब दाबण्याआधी सांगायचं. थरथर म्हणजे वरातीमागून घोडं.

'मग बघून टाइप करा की!' असं म्हणणारे भेटतातच. ज्यांना दिसत नाही, त्यांनी काय करायचं?

त्यांची सोय, खरं तर, आपल्यापेक्षा बरी झाली. २०१४ पासून आयफोनच्या पडद्यावर ब्रेल लिहिता येतं. बोटं टेकवा, फोन ती कुठे आहेत ते ओळखतो. बटणांनी बोटांकडे यायचं, बोटांनी शोधत फिरायचं नाही. त्यामागची सहा टिंबं लुई ब्रेलची, १८२४ च्या सुमाराची. काचेवर न बघता लिहायची एवढी शहाणी युक्ती डोळसांसाठीच्या कीबोर्डात कुठे आहे?

पण ही सोय स्वतःच्या फोनपुरती. दुकानातल्या कार्डच्या यंत्राचं काय? बटणं होती तोवर पाचावरचं टिंब चाचपून अंध गिऱ्हाईक आपला पिन आपणच टाकायचं. आता तिथेही सपाट काच येतेय. मग पिन दुकानदाराच्या कानात सांगायचा? मागे रांग उभी असताना?

आणि बँकेचा मेसेज येतोच आहे : आपला पिन कोणालाही सांगू नका.