डिजिटल सहीबाईंना खुले पत्र

श्रीमती डिजिटल सहीबाई,
मुक्काम : खालचा ड्रॉवर, आमच्या करसल्लागारांचे ऑफिस, कोल्हापूर

स. न. वि. वि.

तुम्ही माझ्या आहात, असं कागदोपत्री म्हणतात. उद्यमनगरातल्या आमच्या फाउंड्रीची कंपनी झाली, मी डायरेक्टर झालो, मोबाईलपुढं नाव सांगून तुम्हाला घेतलं. त्यानंतर भेट परवाचीच. ऑफिसातल्या पोरानं ड्रॉवर ओढला. बिस्किटाच्या डब्यात पेनड्राइव्हच्या रूपात तुम्ही आणि तुमच्या चाळीसेक बहिणी, रबरबँडनं आवळलेल्या. प्रत्येकीच्या पाठीवर चिकटपट्टी; वर मालकाचं नाव, खाली पिन. बहुतेकींचा एकच, एक ते आठ. ‘गडबडीत सापडाय बरं पडतंय काका,’ पोरगं म्हणालं.

तुमची महती ऐकून आहे. १७ ऑक्टोबर २००० पासून माहिती तंत्रज्ञान कायद्यानं तुम्हाला हातच्या सहीचा मान दिला. फाइलचा ठसा काढायचा, तो गुप्त किल्लीनं बांधायचा; मागाहून कुणी रकमेवर एक शून्य वाढवलं तरी ठसा जुळत नाही. किल्ली तुमच्या पोटातून बाहेर येत नाही आणि ती गणितानं फोडायची तर कॉम्प्युटरच्या पिढ्या खपतील. ड्रॉवरला मात्र कुलूप नाही. त्याची किल्ली हरवलीय.

आमच्या जुन्या राजपत्रांत हीच युक्ती होती. माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपला की तिथंच मोर्तब, म्हणजे खाली कुणी ओळ घुसडायला नको. (शिक्कामोर्तब शब्द तिथलाच.) पण छत्रपतींची मुद्रा बिस्किटाच्या डब्यात असल्याचं कुठल्या बखरीत वाचलेलं नाही.

सातबाऱ्यावरच्या तुमच्या बहिणीचे हाल वेगळेच. १५ रुपये भरून उतरवलेल्या उताऱ्यावर सही-शिक्क्याची गरज नाही असं छापलेलं असतं. त्याची प्रिंट घेऊन गेलो, तर काउंटरवरचे साहेब म्हणाले, ‘यावर तलाठ्याचा शिक्का आणा.’

असो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४२ म्हणतं, किल्ली ज्याची त्यानं सांभाळावी. म्हणून तुम्हाला घरी न्यायला हात घातला, तर पोरगं दचकलं. ‘आणि टेंडरला रात्री बाराला सही लागली तर? तुम्ही झोपलेले असता.’ खरं होतं. मीच तुम्हाला परत डब्यात ठेवलं, झाकणही लावलं.

तर सुखरूप राहा. आणि गेल्या दीड वर्षात मी कशाकशावर सह्या केल्यात, तेवढं सवडीनं कळवा.

आपला,
(इथं शाईची सही आहे.)