हरकत असल्यास

आमच्या आंब्याची जात कोणती, हा प्रश्न आमच्या घरात विचारायचा नसे. सासूबाई होत्या तोवर उत्तर ठरलेलं होतं, "पायरीच, पण जरा निराळी." कारभार माझ्या हाती आल्यावर मी ते "पायरीच्या अंगाची" इतकं खाली आणलं. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला तेवढी भीड असते. झाड होतं शुद्ध रायवळ. कुणीतरी चोखून मागीलदारी भिरकावलेल्या बाठ्यातून आपलं आपण उगवलेलं. बाठा पायरीचा असेलही, पण आंब्याचं रोप आईच्या वळणावर जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून तर सगळं कोकण कलमं बांधत बसतं. आमच्याने कुणाचंच वळण घेतलं नाही. फळ मुठीएवढं, त्यात पाऊण मूठ बाठा, उरलेल्या जागेत दोरे आणि दोऱ्यांच्या सांदीत रस.

तरी दर मे महिन्यात मी आढी लावायची आणि पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना पेट्या रवाना करायची. पेट्या बाजारातून आणलेल्या जुन्या, वर 'अस्सल हापूस' छापलेलं. ते मी खोडत नसे. हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं २०१८ साली, आमच्या रायवळाला मी ते त्याच्या कितीतरी आधी देऊन टाकलं होतं. पुण्याची नणंद पेटी पोचली की फोन करायची, "वहिनी, काय घमघमाट सुटलाय घरात!" चवीबद्दल अक्षर नाही. मी त्या घमघमाटावर पुढचा मे येईपर्यंत तग धरायची.

२२ जुलै २०२१ च्या पुराबद्दल चिपळूणकराला काही सांगावं लागत नाही, आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. पाणी उतरल्यावर आम्ही मागीलदारी गेलो तेव्हा कुंपण नव्हतं, न्हाणीचा पत्रा नव्हता, आणि आंबा जागच्या जागी होता. त्याच्या बेचक्यात कुणाचीतरी लाल प्लास्टिकची खुर्ची बसली होती. चारही पाय शाबूत, तोंड नदीकडे. ती न्यायला कुणी आलं नाही. घरातला चिखल निघायला कित्येक दिवस लागले, पण मदतीला आलेल्या प्रत्येकाला मी आधी मागीलदारी नेऊन खुर्ची दाखवायची आणि म्हणायची, "वाशिष्ठी आली आणि गेली. आमचा आंबा हलला नाही!" जणू मुळं मीच धरून बसले होते.

वाशिष्ठीला जे जमलं नाही, ते एका अळीने केलं.

आधी दक्षिणेकडची एक फांदी पिवळी पडली. मी म्हटलं, पानगळ असेल. मग बुंध्याशी जाडसर भुसा दिसू लागला. मी म्हटलं, मुंग्या असतील. विज्ञान शिकवलेलं असलं की कुठल्याही गोष्टीचं कारण चटकन सुचतं, हा त्या विषयाचा मोठा दोष आहे. नारळ पाडायला येणाऱ्या आबांनी सालीला कान लावला, नखाने थोडी साल खरवडली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वयनी, भिरूड लागलाय. आतून पार खाल्लान."

भिरूड म्हणजे आंब्याचा खोडकिडा. त्याचा भुंगा मी पूर्वी पडवीतल्या दिव्याशी पाहिला होता. करड्या रंगाचा, पाठीवर नारिंगी-पिवळे ठिपके, अंगापेक्षा लांब मिशा. देखणा आहे म्हणून त्याला हाकलला नव्हता. त्याची मादी सालीच्या फटीत अंडी घालते, अळी आत शिरते आणि महिनोन् महिने लाकूड पोखरत राहते. बाहेर येतो तो फक्त भुसा. आबांनी सायकलच्या तारेला आकडा काढला, ती भोकात घातली आणि हळूहळू फिरवत राहिले. मग एकदम हिसका. तारेच्या टोकाला बोटाएवढी जाड, पिवळट पांढरी, डोक्याशी तपकिरी अशी अळी वळवळत होती. मी हातभर मागे सरकले. आमचे हे चष्मा सावरत जवळ गेले आणि म्हणाले, "एवढीशी?" नंतर स्कूटरमधून काढलेल्या पेट्रोलमध्ये कापसाचे बोळे बुडवून आम्ही ते भोकांत कोंबले आणि वरून चिखलाने लिंपून टाकलं. एक भोक बुजवलं की आबा दुसरं दाखवायचे. पेट्रोल संपलं, भोकं संपली नाहीत.

यानंतर बुंध्याला बोर्डो पेस्ट लावायचं ठरलं. इथे मला थोडं थांबावंच लागेल, कारण बोर्डोचा विषय निघाला की मी थांबत नाही असा माझा लौकिक आहे.

एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद पाच लिटरमध्ये वेगळं विरघळवायचं, चुना पाच लिटरमध्ये वेगळा विझवायचा आणि दोन्ही एकदमच तिसऱ्या भांड्यात ओतायचं. भांडं लोखंडाचं नको, प्लास्टिकचं किंवा मातीचं हवं. जमलं की नाही हे पाहायला त्यात स्वच्छ घासलेला विळा बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घाला. पातं होतं तसं निघालं तर पेस्ट तयार. इतका सुंदर प्रयोग मला शाळेत कधी करायला मिळाला नाही. मी अंगणात आमच्या यांना, आबांना, दूधवाल्याला आणि कुंपणापलीकडच्या काकूंना उभं करून तो करून दाखवला. पातं तांबूस झालं तेव्हा टाळी वाजवावीशी वाटली. आबा म्हणाले, "तांबूस म्हंजे बिघडला ना वयनी?" बिघडला होता, पण काय छान बिघडला होता!

आणि त्याची गोष्ट तर अशी आहे, की ती मी सांगते तेव्हा आमचे हे उठून बाहेर जातात. फ्रान्समधल्या बोर्डो भागात द्राक्षमळ्यांत चोर फार. रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षं येणारे-जाणारे तोडून खायचे. तेव्हा मळेवाल्यांनी कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी शिंपडायला सुरुवात केली. दिसायला विषारी, चवीला कडू, त्यामुळे चोर बिचकायचे. १८८२ च्या सुमाराला मिलार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक त्या रस्त्याने चालले होते. अमेरिकेतून आलेल्या केवडा रोगाने मळेच्या मळे उघडे पडत होते, आणि या गृहस्थांना दिसलं की रस्त्याकडेच्या निळ्या वेलींवर तेवढी पानं शाबूत आहेत. त्यांनी प्रयोग केले आणि १८८५ साली हे मिश्रण जगापुढे ठेवलं. म्हणजे ज्या औषधावर आज आपल्या नाशिकची द्राक्षं आणि कोकणातल्या बागा विसंबून असतात, ते रोगासाठी निघालेलंच नव्हतं. ते चोरांसाठी निघालं होतं!

गोष्ट इथे संपते, पण मी संपत नाही. कारण आमच्याकडेही चोर होते. गल्लीतली पोरं. मी शाळेतून निवृत्त झाले तरी त्यांच्यापुरती कधी झाले नाही. दुपारी दोनला पडवीत पेंगत असले तरी मागे फांदी हलली की मला कळायचं. "कोण आहे रे?" म्हणून ओरडले की चार पायांचे ठसे कुंपणापर्यंत. त्यांची एक खूण होती, कैरी तोडून चावायची आणि आंबट लागली की अर्धी तिथेच टाकायची. आमच्या आंब्याच्या चवीचं इतकं परखड परीक्षण नातेवाइकांपैकी कुणी केलं नाही. बुंध्याला निळा लेप लावला त्या वर्षी एकही पोर फिरकलं नाही. मी आमच्या यांना म्हटलं, "बघा, फ्रान्ससारखंच झालं." ते म्हणाले, "मोहोरच आला नाही यंदा. येऊन करतील काय?"

बाकी बागेत काय चाललं होतं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात माझी कर्तबगारी काही नाही. माडांना गेंड्या भुंगा लागला, झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या त्रिकोणी उलगडल्या. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण. पपई वांदरांनी नेली, आणि जाताना कवळे नारळ पाडून गेले, खाल्ले नाहीत. वांदरांना हाकलायला आणलेल्या गलोलीने आमच्या यांनी शेजारच्या सोलरची काच फोडली. पण हे सगळं निस्तरता येत होतं. आंब्याचं तसं नव्हतं. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर सगळी झाडं फुटली आणि आमचा तसाच राहिला. आबांनी कोयत्याने साल उडवली. आतलं लाकूड कोरडं, ओल नाही. "गेला," आबा म्हणाले. घरातलं माणूस गेल्यावर जसे जमिनीकडे बघत उभे राहायचे तसेच उभे राहिले.

मग समाचाराला लोक येऊ लागले. कुणी म्हणालं, उजेड बरा येईल. कुणी म्हणालं, पानं झाडायची कटकट गेली. आणि जवळपास प्रत्येकजण, मागीलदारी उभा राहून, डोळ्यांनी मोजमाप घेत म्हणाला, "चला, गाडी लावायला जागा झाली." आमच्याकडे गाडी नाही. स्कूटर आहे, ती पडवीत लागते. हे सांगितलं की म्हणायचे, "पुढेमागे घ्याल की." एकाने तर पावलं टाकून मापच घेतलं. माझं डोकं फिरलं. जिथे इतकी वर्षं सावली पडायची तिथे माणसाला पहिलं काही दिसावं ते गाडीचं बूड? मी चहा टाकायला आत गेले आणि टाकलाच नाही.

सासूबाईंनी एक सांगून ठेवलं होतं. "माझ्या सरणाला या आंब्याचं लाकूड घाला. विकतचं नको." हे त्या स्वयंपाक करता करता, मिठाचा अंदाज विचारावा इतक्या सहज बोलायच्या. गेल्या त्या भर आषाढात. झाड ओलंचिंब, फांदी तोडली तरी पेटली नसती. स्मशानात वखारीचं लाकूड आणि डिझेल आलं. आमचे हे तेव्हा काही बोलले नाहीत. आता झाड वाळून खडखडीत झालं, तेव्हा एकदा जेवताना म्हणाले, "आता पेटलं असतं." मी आमटी वाढली.

शहरात स्वतःच्या परसातलं झाड, आणि तेही मेलेलं, तोडायला परवानगी लागते. कायदा १९७५ चा आहे, आणि मला तो आवडतो. अर्ज केला, माणसं येऊन बघून गेली, आणि एके सकाळी आंब्याच्या बुंध्यावर, माझ्या निळ्या लेपावरच, नोटीस डकवलेली दिसली. सदर वृक्ष तोडण्याचे प्रस्तावित असून कोणाची हरकत असल्यास लेखी कळवावे. मी ती आंब्याशेजारी उभी राहून दोनदा वाचली. जन्मभर त्याला कुणी जात विचारली नव्हती, आता निदान 'आंबा, देशी, १ नग' अशी नोंद झाली. नणंदेला मात्र हे कळवलं नाही.

हरकत एकच आली. पलीकडच्या काकूंची. याच काकू आमचा पाला त्यांच्या अंगणात पडतो म्हणून दर फाल्गुनात कुंपणाशी उभ्या राहून मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने केरसुणीशी बोलायच्या. सुनावणीच्या दिवशी त्यांचा अर्ज वाचून दाखवला गेला. वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "सदर झाडाचा पाचोळा आजवर आम्हीच झाडत आलो आहोत. सबब झाडावर आमचाही हक्क आहे. ते मेले आहे असे आम्हास वाटत नाही." साहेबांनी काकूंना विचारलं, "झाड मेलेलं नाही असं कशावरून म्हणता?" काकू म्हणाल्या, "मला विचारलंय कुणी?"

हरकत फेटाळली गेली. परतताना रिक्षात आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता बसलो. स्टँडाशी काकू म्हणाल्या, "उकडांब्यांना मात्र तुमच्यासारखा आंबा नाही गो. हापूस मेला खारात विरघळतो." एवढी वर्षं मी चुकीच्या पेट्या भरत होते की काय, असं मला पहिल्यांदा वाटलं.

तोडायला आलेल्या वखारवाल्याने बुंधा ठोकून बघितला आणि फळ्यांचा भाव कापून जळणाचा लावला. आतून जाळीच झाली होती. प्लास्टिकची खुर्ची आबांनी नेली.

आता रत्ना जातीचं एक कोयकलम आणलंय. नीलम आणि हापूसचा संकर, आपल्याच विद्यापीठाने वेंगुर्ल्याला काढलेला. जात कोणती विचारलंत तर पावतीच दाखवीन. काकूंना कळल्यावर त्या मापाची टेप घेऊन आल्या. आंब्याला चहूबाजूंनी दहा मीटर जागा सोडावी असं शास्त्र आहे, आणि ते त्यांना पाठ आहे. आमचं मागीलदार आडवं मोजलं तर सात भरतं. काकू म्हणतात, खड्डा अगदी मधोमध घ्या. आमचे हे म्हणतात, अर्धा पाला त्यांच्याकडे जायलाच हवा, नाहीतर उद्या झाडाची बाजू कोण घेणार? कलम अजून पिशवीत पडवीत उभं आहे, आणि वरची दोन पानं काल वांदराने खाल्ली.