अर्जदार हजर, ओळख प्रलंबित

भारतात आधार क्रमांक मोफत मिळतो. हे विधान शंभर टक्के खरं आहे आणि सरकारी खरेपणाचा तो उत्तम नमुना आहे. नोंदणीला एक पैसा लागत नाही. पैसे लागतात ते नंतर, म्हणजे जन्मभर. नावातली वेलांटी सुधारायची किंवा केंद्रावर जाऊन पत्ता बदलायचा, तर 1 ऑक्टोबर 2025 पासून 75 रुपये. मोठ्या माणसाला बोटांचे ठसे, बुबुळं किंवा फोटो नव्यानं द्यायचा, तर 125. त्याआधी हेच दर 50 आणि 100 होते.

यावर कोणी म्हणेल, पंचाहत्तर रुपयांत काय येतं हल्ली? बरोबर आहे. पण महाराष्ट्रात रोजगार हमीची 2025-26 ची मजुरी दिवसाला 312 रुपये होती, आणि आधार केंद्र वाडीवर नसतं, तालुक्याला असतं. तिथं जायला एसटी, बुडालेला रोज, झेरॉक्स, फॉर्म भरून देणाऱ्याचे दहा-वीस रुपये आणि 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' हे ऐकल्यावर उद्याची पुन्हा एसटी. या सगळ्या बिलात सरकारी शुल्क हाच सर्वांत किरकोळ आकडा असतो, आणि पावती फक्त त्याचीच मिळते.

देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी महाराष्ट्रातच दिला गेला, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी खास त्यासाठी आले होते. तेव्हा घोषवाक्य होतं 'आधार – सामान्य माणसाचा अधिकार'. पुढं ते बदलून 'माझे आधार, माझी ओळख' झालं. अधिकार छापायला जागा कमी पडली असावी.

सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2013 मध्येच सांगितलं होतं की, आधार नाही म्हणून कुणाची अडवणूक होऊ नये. 26 सप्टेंबर 2018 रोजी घटनापीठानं चार विरुद्ध एक अशा बहुमतानं निकाल दिला: सरकारी अनुदान आणि पॅन यांसाठी आधार चालेल, बँका आणि मोबाईल कंपन्यांना सक्ती करता येणार नाही. तेव्हापासून कितीतरी काउंटरवर आधार ऐच्छिक आहे. अर्जदाराची इच्छा असेल तर त्यानं आधार द्यावं आणि लगेच मोकळं व्हावं. इच्छा नसेल तर 'बाकी कागद घेऊन या, साहेब बघतील.' साहेब कधी बघतील हेही ऐच्छिकच.

अर्जदार हा शब्द इथं मुद्दाम वापरला आहे. नागरिक हा पाच वर्षांतून एकदा असतो. मधल्या काळात तो अर्जदार असतो. अर्जदाराकडं एक पिशवी असते. तीत पॅन, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, लाईट बिल, शाळा सोडल्याचा दाखला आणि या सगळ्यांच्या प्रत्येकी पाच प्रती असतात. हल्ली तीत ई-श्रम कार्ड, आरोग्याचं आभा कार्ड, पोरांचा 'अपार' क्रमांक आणि शेतकरी असेल तर शेतकरी ओळख क्रमांकही असतो. हा शेवटचा क्रमांक महाराष्ट्रात 15 एप्रिल 2025 पासून कृषी योजनांसाठी सक्तीचा झाला. म्हणजे सातबारावर नाव असलेला, बांधावर उभा असलेला, पायाला चिखल लागलेला माणूस शेतकरी आहे की नाही, हे आता नीट कळू लागलं.

यातले बहुतेक कागद सरकारनंच दिलेले असतात. तरी त्यांचं आपसात जमवून देण्याचं काम लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखं अर्जदाराकडं येतं. पॅन आयकर खात्याचं, आधार विशिष्ट ओळख प्राधिकरणाचं, दोन्हींची माहिती सरकारकडंच. पण या दोघांची ओळख करून द्यायला अर्जदारानं 1 एप्रिल 2022 नंतर उशीर केला, तेव्हा त्याला 500 रुपये पडले. 1 जुलै 2022 नंतर 1000. तरीही 30 जून 2023 पर्यंत ज्यानं हे जमवलं नाही, त्याचं पॅन निष्क्रिय झालं. मध्यस्थालाच हुंडा भरावा लागणारी ही बहुधा एकमेव सोयरीक.

सोयरीक बहुतेक वेळा मोडते ती नावावरून. मराठी माणसाचं नाव म्हणजे स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. एका फॉर्मवर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर वडिलांच्या नावाला रकानाच नाही. शाळेत मास्तरांनी 'बाळू' लिहिलं, रेशनकार्डावर 'बाळासाहेब' झालं, आणि आधार केंद्रावरच्या पोरानं इंग्रजीत जे टाईप केलं त्याचं मराठी संगणकानं स्वतःच्या मतानं केलं. टाईप करणारा वेगळा, छापणारा वेगळा, पण चूक ज्याच्या नावात तिची दुरुस्ती त्याच्याच खर्चानं. शिवाय दुरुस्तीला मर्यादा आहे. आधारमध्ये नाव जन्मात दोनदा बदलता येतं, जन्मतारीख आणि लिंग एकदाच. तिसऱ्यांदा चुकलं तर प्राधिकरणाच्या प्रादेशिक कार्यालयाची पायरी चढायची. चूक करण्याला मात्र कोणतीही कमाल मर्यादा घातलेली नाही.

बाईमाणसाचा हिशेब आणखी निराळा. माहेरचं नाव दाखल्यावर, सासरचं रेशनकार्डावर, दोन्हींच्या मधे विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर राजपत्रात नाव छापून आणायचं. त्यात राज्य सरकारनं 2024 मध्ये ठरवलं की, 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आईचंही नाव लागेल: बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. निर्णय चांगलाच आहे. चार नावांची ही मुलं तीन रकान्यांच्या फॉर्मपुढं उभी राहतील, तेव्हा कोण कोणाला वगळतं हे पाहण्यासारखं असेल.

वाढदिवसांचीही अशीच मजा. महाराष्ट्रातल्या एका पिढीत 1 जूनला जन्मलेल्यांची संख्या पाहिली तर मे महिन्यात प्रसूती बंद असाव्यात असं वाटतं. शाळेत घालताना मास्तरांनी पहिलीच्या वयात बसेल अशी ती तारीख लिहिली, एवढाच तिचा इतिहास. आधार आलं तेव्हा ज्यांनी नुसतं वय सांगितलं, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना यंत्रानं 1 जानेवारी ही तारीख दिली. 2017 मध्ये हरिद्वारजवळच्या गैंडी खाता गावात शेकडो लोकांच्या आधारवर 1 जानेवारीच जन्मतारीख असल्याच्या बातम्या आल्या होत्या. म्हणजे एकच आजोबा शाळेच्या हिशेबानं पावसाच्या तोंडाशी जन्मले आणि आधारच्या हिशेबानं हुरड्याच्या दिवसांत.

त्यांनी ही तारीख धडपडून, ती एकमेव संधी वापरून दुरुस्त केली असं धरू. मग काय? भविष्य निर्वाह निधी संघटनेनं जानेवारी 2024 मध्ये जन्मतारखेच्या पुराव्यांतून आधार काढून टाकलं. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही एका अपघात भरपाईच्या प्रकरणात वय ठरवायला आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. सव्वाशे कोटींहून जास्त लोकांची बुबुळं टिपणाऱ्या यंत्रणेवर अखेर मास्तरांच्या टाकानं मात केली.

पत्त्याचा पुरावा हा स्वतंत्र अध्याय आहे. पुण्या-मुंबईत भाड्यानं राहणाऱ्याला पत्ता असतो, पुरावा नसतो. लाईट बिल घरमालकाच्या नावावर, गॅस गावाकडच्या पत्त्यावर. उरतो अकरा महिन्यांचा भाडेकरार. तो नोंदवायला शहरात 1000 रुपये नोंदणी शुल्क, शिवाय भाडं-डिपॉझिटच्या हिशेबानं मुद्रांक शुल्क आणि एजंटाची फी. करार एकाच्या नावावर असतो, राहणारे चौघं असतात. उरलेल्या तिघांचा पत्ता त्या एकालाच ठाऊक. अकरा महिन्यांनी घर बदललं की पत्ता पुन्हा जुना होतो आणि अर्जदार नवा.

दाखल्यांसाठी प्रतिज्ञापत्र लागतं. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राचं मुद्रांक शुल्क 2004 सालीच माफ झालं आहे. तरी अर्जदार शंभराचा स्टॅम्प पेपर आणत राहिला, कारण काउंटरवर तोच मागत होते. ऑक्टोबर 2024 मध्ये शंभराच्या जागी पाचशेचा आला, तेव्हा ओरड झाली. त्यानंतर 2025 मध्ये महसूलमंत्र्यांनी दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांचं शुल्क माफ केल्याची घोषणा केली. माफ असलेलं शुल्क पुन्हा माफ करण्याचं औदार्य क्वचितच पाहायला मिळतं.

कागद जमले तरी शरीर उरतंच. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर अंगठा लागत नाही, हे वाक्य आता गावोगाव ऐकू येतं. ऊसतोडणी, गवंडीकाम, धुणीभांडी, विडी वळणं यांत बोटांवरच्या रेषा झिजतात; म्हातारपणी त्या आपोआप जातात. मग बाई हात धुते, पदराला पुसते, बोट केसांत फिरवून पुन्हा ठेवते. मागची रांग सल्ले देते. दुकानदार तिला तीस वर्षं ओळखतो, तिच्या सासूलाही ओळखत होता, पण मशीनची ओळख नवीन आहे. डिसेंबर 2023 मध्ये केरळातल्या एका महिलेला बोटंच नसल्यानं आधार मिळत नव्हतं. केंद्रीय राज्यमंत्र्यांनी लक्ष घातल्यावर ते घरपोच मिळालं. त्यानिमित्तानं सांगण्यात आलं की, बोटं नसतील तर बुबुळांवर नोंदणी करता येते. म्हणजे सोय होती. फक्त ती माहीत असलेला माणूस मंत्रालयात बसत होता आणि मशीन दुसरीकडं.

पेन्शनरांच्या नशिबी दर नोव्हेंबर असतो. हयातीचा दाखला द्यायचा. पूर्वी बँकेत जाऊन साहेबांसमोर उभं राहिलं की काम व्हायचं. जिवंत माणूस आपणहून दिसतो, अशी त्या काळची अंधश्रद्धा होती. 10 नोव्हेंबर 2014 पासून 'जीवन प्रमाण' ही डिजिटल सोय आली आणि आता मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढं चेहरा धरूनही दाखला निघतो. तो निघाला नाही तर आजोबांना डोळे मिचकवायला सांगतात. उजेडात या, चष्मा काढा, मान हलवू नका. आजोबा आहेत हे घरातल्या सगळ्यांना त्यांच्या ओरडण्यावरून कळतं. ॲपला आवाज ऐकू येत नाही.

जुलै 2024 मध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना आली. महिन्याला 1500 रुपये. बहिणींनी तहसील आणि सेतू केंद्रांवर अशी गर्दी केली की, अधिवास दाखल्याची अट सैल करून रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, जन्मदाखला असले पर्याय द्यावे लागले. अमरावती जिल्ह्यात दाखल्यासाठी पैसे घेतल्याबद्दल एक तलाठी निलंबितही झाला. भावानं ओवाळणी देण्याआधीच तलाठ्यानं ती वसूल केली होती. सप्टेंबर 2025 मध्ये ई-केवायसी आलं. त्यात बहिणीच्या आधारवर एक ओटीपी आणि मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवर दुसरा. ज्यांचे दोघंही हयात नाहीत, त्यांनी कोणाचा मोबाईल वाजवायचा, हा प्रश्न योजना राबवणाऱ्यांना नंतर सुचला. मग मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली आणि अशा बहिणींसाठी मृत्यूच्या दाखल्याची सोय झाली. बहीण लाडकी असल्याचा पुरावा म्हणून नवरा गेल्याचा कागद जोडायचा.

एवढं सगळं करून हाती येतं ते कशाचा पुरावा आहे? नागरिकत्वाचा नाही, ते आधारपत्रावरच छापलेलं असतं. आधार कायद्याचं नववं कलम सांगतं की, अधिवासाचाही नाही. जन्मतारखेचं वर आलंच. 2025 मध्ये बिहारमध्ये मतदारयाद्यांची विशेष पडताळणी झाली, तेव्हा निवडणूक आयोगाच्या अकरा कागदांच्या यादीत आधार नव्हतं, रेशनकार्ड नव्हतं, आणि आयोगानं स्वतः दिलेलं मतदार ओळखपत्रही नव्हतं. मुख्य निवडणूक आयुक्त असताना टी. एन. शेषन यांनी 1990 च्या दशकात याच ओळखपत्रासाठी निवडणुकाच होऊ देणार नाही असं बजावलं होतं. शेवटी 8 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं आधार बारावा कागद म्हणून यादीत शिरलं, तेही फक्त ओळखीपुरतं.

या सगळ्या व्यवस्थेत भरभराट झाली ती झेरॉक्सच्या दुकानांची. 27 मे 2022 रोजी प्राधिकरणाच्या बेंगळुरूच्या कार्यालयानं लोकांना बजावलं की, आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होतो. देशभर घबराट पसरली, कारण तोवर लोकांची ती लॉजपासून सिमकार्डवाल्यापर्यंत सर्वांना वाटून झाली होती. दोन दिवसांनी, 29 मे रोजी, लोकांचा गैरसमज होईल म्हणून ते पत्रकच मागं घेण्यात आलं. झेरॉक्सवाल्यानं दोन्ही पत्रकं वाचली नाहीत, त्याला वेळ नव्हता. तहसीलसमोरच्या त्याच्या टपरीत अर्जदार पिशवीत हात घालतो न घालतो तोच तो मशीनचं झाकण उघडतो: "आधारच ना, काका? दोन्ही बाजू एका पानावर घेतो. पाच काढू का दहा? आत गेल्यावर परत पाठवतातच."